अतिथी व्याख्याते आणि ऑनलाइन तास : काम किती, हातात किती? हुबळी-धारवाडच्या निमित्ताने पूर्ण हिशेब

हुबळी-धारवाड : जुळ्या शहरांत शिकवणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. धारवाडात १९१७ पासून कर्नाटक कॉलेज आहे, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ आहे, हुबळीत राज्याचे कायदा विद्यापीठ आहे, बीव्हीबी इंजिनिअरिंग कॉलेजातून उभे राहिलेले केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. शिवाय सरकारी पदवी कॉलेजे, अनुदानित कॉलेजे आणि सप्तापूर भागातले स्पर्धा परीक्षांचे क्लास. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी चिगरी बस पकडून दुसऱ्या शहरात दोन तास आणि रात्री घरी लॅपटॉपसमोर ऑनलाइन बॅच, असा दिवस काढणारे शिक्षक इथे शोधावे लागत नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या भागांतून एमए, एमकॉम, एमएस्सी करून धारवाडला आलेली मराठी मुले-मुलीही यात आहेत. एकाला 'गेस्ट' म्हणतात, दुसऱ्याला 'पार्टटाइम', तिसऱ्याला 'ऑनलाइन फॅकल्टी'. काम जवळपास एकच, पैसे देणारा वेगळा आणि नियमही वेगळे. त्यामुळे नोकरी धरण्याआधी नेमके काय पाहायचे, याबाबत बराच गोंधळ असतो. तो दूर व्हावा म्हणून ही माहिती एका ठिकाणी.

अर्धवेळ शिक्षक म्हणजे नेमके कोण?

ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

१) सरकारी पदवी कॉलेजांतील अतिथी व्याख्याते. कन्नडमध्ये यांना 'अतिथी उपन्यासक' म्हणतात. नेमणूक महाविद्यालयीन शिक्षण खात्यामार्फत, एका शैक्षणिक वर्षापुरती किंवा सेमिस्टरपुरती. पैसे सरकारच्या तिजोरीतून.

२) अनुदानित कॉलेजांत मॅनेजमेंटने नेमलेले. मंजूर जागा रिकामी असते, भरती होत नाही, मग संस्था आपल्या पैशातून माणूस ठेवते. मानधन किती हे संस्थाच ठरवते.

३) विद्यापीठाच्या विभागांतील अतिथी प्राध्यापक. पैसे विद्यापीठाच्या निधीतून.

४) मुक्त आणि दूरशिक्षणाचे समुपदेशक. म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. नाशिकच्या विद्यापीठात या शिक्षकाला 'समंत्रक' असा शब्द आहे. इथे पैसे सत्रामागे.

५) खासगी ऑनलाइन क्लास, कोचिंग आणि कंपन्यांचे शिक्षक. इथे नेमणूकपत्रापेक्षा करार असतो, आणि कित्येकदा तोही नुसत्या व्हॉट्सअॅप मेसेजवर.

पहिल्या प्रकारात निदान सरकारी आदेश असतो. खाली येत जाऊ तसा कागद कमी होत जातो. हक्क मागायची वेळ येते तेव्हा हाच फरक महागात पडतो.

सरकारी कॉलेज : १३ हजारांपासून ४० हजारांपर्यंत

कर्नाटकात चारशेहून जास्त सरकारी पदवी कॉलेजे आहेत आणि तिथले शिकवणे मोठ्या प्रमाणात अतिथी व्याख्यात्यांवर चालते. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी राज्यभर वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा नेट, सेट किंवा पीएचडी असलेल्याला महिना १३ हजार आणि नसलेल्याला ११ हजार मिळत होते. तेही वेळेवर हातात पडतील याची खात्री नव्हती.

२०२२ च्या जानेवारीत तेव्हाचे उच्च शिक्षण मंत्री अश्वथनारायण यांनी वाढ जाहीर केली. मुख्यमंत्रिपदी तेव्हा हुबळीचे बसवराज बोम्मई होते. त्यावेळचे दर असे :

• यूजीसीची पात्रता आणि ५ वर्षांहून जास्त सेवा : ३२ हजार
• यूजीसीची पात्रता, सेवा ५ वर्षांपेक्षा कमी : ३० हजार
• पात्रता नाही, सेवा ५ वर्षांहून जास्त : २८ हजार
• पात्रता नाही, सेवा ५ वर्षांपेक्षा कमी : २६ हजार

आकडा दुपटीहून जास्त झाला, पण सोबत कामही वाढले. आधी आठवड्याला ८ ते १० तास होते, ते १५ पर्यंत नेण्यात आले. हिशेब सोपा आहे. कॉलेजातले एकूण तास तेवढेच राहिले आणि एका माणसाचे तास वाढले, तर माणसे कमी लागतात. म्हणजे ज्यांची नोकरी राहिली त्यांचा पगार वाढला आणि काही हजार जणांच्या हातचे तास गेले. पगारवाढीची बातमी वाचताना ही दुसरी बाजू सहसा मागे पडते.

दुसरा टप्पा २०२३ च्या नोव्हेंबरमधला. सेवेत कायम करा, या मागणीसाठी पुन्हा वर्ग बंद झाले. १ जानेवारी २०२४ रोजी तुमकूरच्या सिद्धगंगा मठापासून बेंगळूरपर्यंत पदयात्रा निघाली. त्याच्या तोंडावर उच्च शिक्षण मंत्री एम. सी. सुधाकर यांनी सेवेच्या वर्षांनुसार वाढ जाहीर केली होती : ५ वर्षांपर्यंत ५ हजार, ५ ते १० वर्षे ६ हजार, १० ते १५ वर्षे ७ हजार आणि १५ च्या पुढे ८ हजार. शिवाय ५ लाखांचा आरोग्य विमा, साठीला निवृत्त होताना ५ लाखांपर्यंत एकरकमी रक्कम आणि महिन्याला एक पगारी रजा. जानेवारी २०२४ पासूनच्या या वाढीने मानधन ३१ हजार ते ४० हजार या पट्ट्यात आले.

कायम करण्याची मूळ मागणी मात्र तिथेच राहिली. महिन्याला एक रजा ही 'सवलत' म्हणून जाहीर करावी लागते, यावरूनच आधीची परिस्थिती काय होती ते कळते.

यूजीसीचा दर वेगळाच

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या जानेवारीत अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असा दर सांगितला. त्याआधी तो तासाला १ हजार आणि महिन्याला २५ हजार होता.

इथे कमाल मर्यादेकडे नीट पाहावे. ५० हजारांना १,५०० ने भागले की ३३ तास येतात. म्हणजे महिन्यात ३३ तास झाले, की पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे शून्य. आठवड्याला ८ तासांच्या आसपास ही मर्यादा गाठली जाते. कर्नाटकच्या १५ तासांच्या भाराला हाच नियम लावला, तर महिन्याचे ६५ तास होतात आणि तासाला प्रत्यक्षात ७६९ रुपये पडतात.

आयोगाचे २०१८ चे नियम आणखी एक गोष्ट सांगतात. कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नवा मसुदा काढला, त्यात ही १० टक्क्यांची मर्यादा दिसत नव्हती. त्यावरून देशभर शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतले होते. राज्ये या मर्यादेतून वाट काढतात ती शब्दाच्या जोरावर : माणसाला 'कंत्राटी' न म्हणता 'अतिथी' म्हणायचे. पाहुणा वीस वर्षे राहिला तरी पाहुणाच.

तासाचा खरा भाव

यूजीसीच्या नियमांप्रमाणे नियमित सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. सातव्या वेतन आयोगात त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. अतिथी व्याख्याता १५ तास शिकवतो. वर्गातल्या तासांत फरक एकाचा.

महिन्याचे सरासरी आठवडे ४.३३ धरले, तर :

• अतिथी, ४० हजार मानधन : ६५ तास, तासाला सुमारे ६१५ रुपये
• अतिथी, ३१ हजार मानधन : ६५ तास, तासाला सुमारे ४७७ रुपये
• नियमित, फक्त मूळ वेतन : ६९ तास, तासाला सुमारे ८३३ रुपये

नियमित शिक्षकाच्या कामात संशोधन, प्रशासन, समित्या येतात, हे खरे. पण अतिथीचे कामही घंटा वाजली की संपत नाही. एका तासामागे एक तास तयारी आणि आठवड्याला ५ तास पेपर तपासणे, इंटर्नल मार्क, हजेरी भरणे एवढेच धरले, तरी आठवड्याचे ३५ तास होतात. महिन्याला सुमारे १५२ तास. मग ४० हजारांचा भाव तासाला २६३ रुपये आणि ३१ हजारांचा २०४ रुपये होतो.

आता वर्षाचे बघू. मानधन दहा महिने मिळाले असे धरले, तर ३१ हजारांचे वर्षाला ३ लाख १० हजार होतात. घरभाडे, गॅस, मुलांची फी मात्र बारा महिने. बारांनी भागले तर महिन्याला २५,८३३ रुपये पडतात. ४० हजारवाल्याचे ३३,३३३. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर मॅनेजर हाच दुसरा आकडा बघतो, आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर कुठे आहे हेही विचारतो.

ऑनलाइन तास : कॅमेऱ्याबाहेरचे काम

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेजे बंद झाली आणि सगळेच ऑनलाइन शिकवू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूजीसीने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित नियम काढले. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा मंच २०१७ च्या जुलैपासून आहेच. २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थी एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट 'स्वयम्'वरून मिळवू शकतो.

या व्यवस्थेत ऑनलाइन विषयाचे चार भाग मानले जातात : व्हिडिओ, लिखित साहित्य, चर्चा व शंकासमाधान, आणि स्वाध्याय व चाचणी. चांगला ऑनलाइन कोर्स म्हणजे हे चारही. अर्धवेळ शिक्षकाला पैसे मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या भागाचेच, म्हणजे कॅमेरा चालू असलेल्या तासाचे मिळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा तासाला ५०० रुपये ठरले आहेत. आठवड्याला ३ तास, बॅचमध्ये ३० मुले. प्रत्येक तासामागे काम असे निघते :

• प्रत्यक्ष तास : ६० मिनिटे
• तयारी आणि स्लाइड : ९० मिनिटे
• नोट्स, रेकॉर्डिंग चढवणे, लिंक पाठवणे : ३० मिनिटे
• ग्रुपवरच्या शंका : ३० मिनिटे
• आठवड्याचा एक स्वाध्याय, एका मुलामागे ५ मिनिटे, तिन्ही तासांत वाटून : ५० मिनिटे

एकूण २६० मिनिटे. म्हणजे चार तास वीस मिनिटे. ५०० रुपयांचा खरा भाव तासाला ११५ रुपये. यात इंटरनेट, वीज, यूपीएस, हेडफोन धरलेले नाही.

बॅच मोठी झाली की हिशेब आणखी बिघडतो. वर्गात ३० ऐवजी ९० मुले बसली तरी शिकवायला तेवढाच वेळ लागतो. स्वाध्याय तपासायला मात्र तिप्पट. ऑनलाइनला बाकांची मर्यादा नसते, म्हणून संस्थेचा कल मुले वाढवण्याकडे असतो. फी दर मुलामागे जमा होते आणि शिक्षकाला पैसे तासामागे जातात. भांडण इथेच आहे.

दुसरा मुद्दा रेकॉर्डिंगचा. एकदा शिकवलेला तास पुढच्या बॅचला तसाच दाखवला, तर शिक्षकाला पुन्हा पैसे मिळणार का? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरून कराराने काम करणाऱ्याची स्थिती वेगळी असू शकते. म्हणून करारात एक ओळ असलीच पाहिजे : रेकॉर्डिंग किती काळ, कोणत्या बॅचला वापरणार आणि त्याचे पैसे किती.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत अशा शिक्षकांना 'अॅडजंक्ट' म्हणतात. तिथे पैसे बहुधा एका कोर्समागे ठरतात आणि एकाच वेळी दोन-तीन कॉलेजांत शिकवून घर चालवणारे तिथेही आहेत. हुबळी-धारवाडमध्ये अंतर वीस किलोमीटरचे, तिथे कदाचित शंभराचे.

अभ्यासक्रम बदलला की पहिला फटका कुणाला?

कर्नाटकात २०२१-२२ पासून नवीन राष्ट्रीय धोरणानुसार चार वर्षांची पदवी सुरू झाली. २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. अर्थतज्ज्ञ आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर हा निर्णय झाला.

विषय बदलले की तास बदलतात. नियमित शिक्षकाचे १६ तास आधी भरले जातात, उरले तर अतिथीला. म्हणून एखादा ऐच्छिक विषय बंद झाला किंवा मुलांनी तो 'स्वयम्'वर घेतला, की पहिला माणूस अतिथीच कमी होतो. भाषा विषयांत हे लवकर जाणवते, कारण तिथे मुलांची संख्याच कमी असते. मराठी शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नेट की सेट? सीमेवरच्यांनी हे आधी वाचावे

सीमाभागातल्या उमेदवारांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. सेट परीक्षा राज्याची असते. १ जून २००२ नंतरच्या सेटचे प्रमाणपत्र फक्त त्या राज्यातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालते. महाराष्ट्राची सेट पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी असते. कर्नाटकची के-सेट वेगळी.

म्हणजे कोल्हापुरात शिकून महाराष्ट्राची सेट काढलेला उमेदवार धारवाडच्या सरकारी कॉलेजात सेटच्या आधारावर 'पात्र' ठरत नाही. उलट बेळगावच्या मुलीने के-सेट काढली आणि ती चंदगडला किंवा पणजीला गेली, तर तिथेही तेच. नेट मात्र देशभर चालते. ज्यांना दोन्ही राज्यांत दार उघडे ठेवायचे आहे त्यांनी नेटवरच जोर द्यावा.

हा फरक नुसता कागदी नाही. वरच्या तक्त्यात 'पात्रता आहे' आणि 'पात्रता नाही' यांत महिन्याला ४ हजारांचा फरक आहे. शिवाय २०२५-२६ मध्ये यूजीसी पात्रतेचाच मुद्दा न्यायालयात गेला आणि सेमिस्टर सुरू झाले तरी नेमणुका रखडल्या. पंधरा-पंधरा वर्षे शिकवलेले, पण नेट-सेट नसलेले लोक त्यात अडकले. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान अट असून पीएचडी ऐच्छिक आहे, हेही माहीत असावे.

महाराष्ट्रात काय?

महाराष्ट्रात या पद्धतीला 'तासिका तत्त्व' म्हणतात, बोलताना 'सीएचबी'. तिथे महिन्याचा ठोक आकडा नसतो, घेतलेल्या तासांचे पैसे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पदवी वर्गाच्या तासाला ५०० रुपये असा दर झाला, पुढे त्यात वाढ होत गेली.

ठोक मानधन आणि तासिका यांची तुलना करताना नुसता दर बघू नये. तासिकेत दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत, निवडणुकीसाठी कॉलेज बंद राहिले तर त्या दिवसाचेही नाहीत. कर्नाटकच्या ठोक पद्धतीत सेमिस्टर चालू असेपर्यंत महिन्याचा आकडा ठरलेला असतो. तासाचा दर मोठा दिसला तरी वर्षाची बेरीज लहान येऊ शकते. दोन राज्यांत तुलना करायची तर वर्षाच्या बेरजेचीच करावी.

कोर्ट काय म्हणते?

या विषयावरच्या निकालांत धारवाडचे नाव जुने आहे. धारवाड जिल्ह्यातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९९० मध्ये दहा वर्षे काम केलेल्यांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याची योजना मंजूर झाली. तेव्हा तो मोठा विजय मानला गेला.

२००६ च्या एप्रिलमध्ये घटनापीठाने 'कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी' या खटल्यात वाट अरुंद केली. नियमबाह्य मार्गाने नेमलेल्याला केवळ वर्षे झाली म्हणून कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरले. मंजूर जागेवर, कोर्टाच्या आदेशाचा आधार न घेता दहा वर्षे काम केलेल्यांसाठी एकदाच सवलत ठेवली गेली. आज अतिथी व्याख्यात्यांची मागणी फेटाळताना सरकारे बहुतेक वेळा याच निकालाकडे बोट दाखवतात.

कायम होणे आणि समान पगार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला नियमित वेतनश्रेणीतला किमान पगार मिळायला हवा. २०२४ च्या डिसेंबरमधल्या 'जग्गो' खटल्यात उमादेवी निकालाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे राबवलेल्यांना डावलू नये, असे बजावले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकाल आला. त्यांना महिना ३० हजार मिळत होते, त्याच कामाचे नियमित सहकाऱ्यांना लाखाच्या वर. त्यांना किमान वेतनश्रेणी आणि थकबाकी द्या, असा आदेश झाला. समारंभात गुरूला देव म्हणायचे आणि पगारात असे वागायचे, या विसंगतीवरही न्यायालयाने बोट ठेवले.

एक अडचण मात्र कायम आहे. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही. म्हणून लेबर कोर्टाची वाट शिक्षकाला सहसा मिळत नाही. सरकारी आणि विद्यापीठाच्या प्रकरणांत हायकोर्टात रिट हाच मार्ग उरतो. धारवाडला हायकोर्टाचे खंडपीठ २००८ पासून आहे, २०१३ मध्ये ते कायम झाले. उत्तर कर्नाटकातल्या शिक्षकाला त्यासाठी बेंगळूर गाठावे लागत नाही, एवढी सोय झाली.

टीडीएस, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा

टीडीएस : ऑनलाइन संस्था पैसे 'व्यावसायिक शुल्क' म्हणून देत असेल तर १० टक्के कापते. एप्रिल २०२५ पासून ही कपात एका संस्थेकडून वर्षाला ५० हजारांहून जास्त मिळाल्यावर लागते, आधी मर्यादा ३० हजार होती. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर हे पैसे रिटर्न भरून परत मिळतात. अनेकजण रिटर्न भरतच नाहीत आणि चार-पाच हजार सोडून देतात. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के होते.

ग्रॅच्युइटी : शिक्षकांना ती मिळते. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांचा समावेश १९९७ च्या एप्रिलपासून लागू झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. जुन्या कायद्यात सलग पाच वर्षे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नोकरदाराला एका वर्षानंतर हक्क येतो. तुमचे पत्र 'ठरावीक मुदतीची नोकरी' म्हणते की 'तासावर सेवा', यावर पुढचे सगळे अवलंबून.

बाळंतपणाची रजा : जुन्या मातृत्व लाभ कायद्याप्रमाणेच आता सामाजिक सुरक्षा संहितेत, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. हा लाभ रोजंदारीवरच्या बायकांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितले आहे. 'गेस्टला रजा नसते' हे उत्तर ऐकून घरी बसण्याआधी एकदा वकिलाला विचारावे.

कोणते कागद जपायचे?

कोर्टात किंवा ऑफिसात वाद जातो तेव्हा शिकवणे चांगले होते की वाईट, हे कुणी विचारत नाही. कागद मागतात. म्हणून हे ठेवावे :

• प्रत्येक वर्षाची नेमणूक ऑर्डर आणि कामावर रुजू झाल्याचा अहवाल
• प्राचार्यांच्या सहीचे टाइमटेबल, म्हणजे तास किती होते ते सिद्ध होते
• हजेरी पत्रकाची प्रत, ऑनलाइन असेल तर लॉग-इनची नोंद किंवा रेकॉर्डिंगची यादी
• मानधन जमा झाल्याचे बँक पासबुक. रोख घेतले असेल तर पावती
• परीक्षा, पेपर तपासणी, निवडणूक अशा जादा कामाचे आदेश
• दरवर्षी मागून घेतलेले अनुभव प्रमाणपत्र. नोकरी सुटल्यावर ते मिळवणे कठीण जाते

ऑनलाइन काम घेण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. पैसे तासाचे की मुलांच्या संख्येवर? तपासणीचे वेगळे मिळणार का? बॅच जास्तीत जास्त किती मुलांची? तास ऐनवेळी रद्द झाला तर? रेकॉर्डिंग कुणाचे? उत्तरे फोनवर मिळाली तर त्याच संध्याकाळी 'आपले असे ठरले' म्हणून ईमेल टाकावा. समोरचा उत्तर देवो न देवो, तारीख पडते.

कायम भरती होते का?

होते, पण क्वचित. कर्नाटकात सरकारी पदवी कॉलेजांसाठी १,२४२ सहायक प्राध्यापकांची परीक्षा २०२२ च्या मार्चमध्ये झाली. दहा हजारांवर अतिथी आणि बाराशे जागा, यावरून प्रमाण लक्षात येते. शिवाय नवीन कायम माणूस रुजू झाला, की त्या विषयाचा अतिथी त्या दिवशी मोकळा होतो. ज्या भरतीची वाट पाहायची, तीच आपले तास घेऊन जाणार, अशी ही गाठ आहे.

ती सुटेपर्यंत हिशेब ज्याचा त्यालाच ठेवावा लागणार. महिन्याला हातात पडणारा आकडा न बघता वर्षाची बेरीज काढावी, तिला कामाच्या खऱ्या तासांनी भागावे आणि मगच पुढच्या सेमिस्टरला हो म्हणावे. मुलांना ताळेबंद शिकवणाऱ्याने स्वतःचा एकदा मांडून बघायला हरकत नाही.